कार्कासोन: तिकीट तटाचं काढा, वाइन खालच्या गावात घ्या

दक्षिण फ्रान्समधल्या कार्कासोनच्या किल्ल्यात शिरायला पैसे लागत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. कारण नारबोन दरवाज्यात उभं राहून तिकीटखिडकी शोधणारी मंडळी मी तिथे बघितली. तटाच्या आतलं गाव, गल्ल्या, बाझिलिका म्हणजे तिथलं मोठं चर्च, दोन तटांमधली मोकळी जागा, सगळं फुकट. तिकीट आहे ते बालेकिल्ल्याचं आणि तटावरून चालण्याचं. ते मात्र काढाच. काटकसर करायचीच असेल तर आतल्या दुकानांत आणि हॉटेलांत करा.

मी निफाड तालुक्यातली. हायस्कूलला इतिहास शिकवते आणि पोरांना घेऊन किल्ले चढते. रामशेज, हातगड, अंकाई ही नेहमीची, मोठी पोरं असली तर साल्हेर. आमचे हे द्राक्षबागायतदार, शिवाय माळकरी. लेक तुलूझला शिकते. खरड छाटणी झाली, त्यानंतरचं शेंडे मारायचं, सबकेनचं काम मार्गी लागलं, तेव्हा बाग दिरांच्या हवाली करून मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोघं फ्रान्सला गेलो. पॅरिसला जायची माझी इच्छा होती. पण ह्यांना आयफेल टॉवरमध्ये काडीचाही रस नव्हता. "किल्ला आणि द्राक्षबागा एकाच ठिकाणी असतील असं काही बघ," म्हणाले. लेक म्हणाली, पप्पा, ते तर इथून तासाभरावर आहे.

तुलूझहून कार्कासोनला साधी प्रादेशिक रेल्वे जाते. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कालवा, त्यात लॉकमधून, म्हणजे दारं लावून पाणी भरायच्या हौदातून, हळूहळू वर चढणाऱ्या होड्या. हा कानाल द्यु मिदी. प्येर-पॉल रिके नावाच्या माणसाने सतराव्या शतकात खोदायला घेतला आणि १६८१ साली तो खुला झाला. रिके स्वतः त्याच्या आदल्याच वर्षी गेला. गंमत अशी की कार्कासोनकरांनी त्या वेळी खर्चाचा वाटा द्यायला नकार दिला, म्हणून रिकेने कालवा गावाला वळसा घालून नेला. पुढे गावाची चूक गावाला उमगली आणि १८१० मध्ये तो वळवून गावाशी आणला. ह्यांनी ही गोष्ट ऐकली आणि आमच्याकडच्या पालखेड कालव्याच्या आवर्तनाबद्दल, म्हणजे पाण्याच्या पाळीबद्दल, जे काही म्हणाले ते इथे लिहीत नाही.

स्टेशन आहे खालच्या गावात, किल्ला नदीपलीकडे टेकाडावर. पायी अर्धा तास धरा. बहुतेक प्रवासी टॅक्सी किंवा बस करून थेट नारबोन दरवाज्याशी उतरतात आणि खालचं गाव त्यांच्या लेखी नसतंच. तसं करू नका. खालचं गाव म्हणजे बास्तीद, तेही तेराव्या शतकातलंच. राजाविरुद्धच्या १२४० च्या उठावानंतर किल्ल्याला टेकलेल्या वस्त्या पाडल्या आणि त्या लोकांना नदीच्या अलीकडे नवं गाव आखून दिलं. रस्ते पट्टीने ओढल्यासारखे सरळ, मधोमध चौक. त्या कार्नो चौकात मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी सकाळी बाजार भरतो. आम्ही शनिवार साधला होता. चेरी, ऑलिव्ह, शेळीच्या दुधाचं चीज, पाव. ह्यांच्या पोटाची सोय इथेच झाली, आणि ती किल्ल्यात होणार नव्हती हे पुढे कळलं. चेरी चाखून बघायला देतात, पण हात लावू देत नाहीत. ह्यांनी सवयीने घड उचलावा तशी एक मूठ उचलली आणि बाईने डोळे वटारले.

पुढे ओद नदीवरचा जुना दगडी पूल लागतो, चौदाव्या शतकातला, फक्त पायी जाणाऱ्यांसाठी. किल्ल्याचा फोटो इथूनच काढा. वर गेल्यावर अख्खा किल्ला पुन्हा एका नजरेत मावत नाही.

आता मुद्द्याचं. किल्ल्यात नारबोन दरवाज्याने जाऊ नका. तो पूर्वेला आहे, देखणा आहे, दोन जाडजूड बुरुजांमध्ये आहे, पण तिथे गर्दी थेट दुकानांच्या गल्लीत ओतली जाते. पुलावरून या, साँ-जिमेर चर्चपाशी वळा आणि पश्चिमेच्या ओद दरवाज्याने चढा. ते चर्च एकोणिसाव्या शतकातलं. जिथे ते आहे तिथे पूर्वी नदीकडच्या वाटेवर पहारा ठेवणारा मोठा गोल पडकोट होता. त्याच्या जागेवरून निघालेली चढण तटाला समांतर वर जाते. उजवीकडे भिंत, डावीकडे भिंत, वाट एकदम वळते, मग एक कमान, पुन्हा वळण. समोर दरवाजा दिसतो तो खरा असतोच असं नाही. प्रत्येक वळणावर तुमची एक कूस कुठल्या ना कुठल्या जंग्यांसमोर, म्हणजे तटातल्या मारगिरीच्या भोकांसमोर, उघडी पडते. मी एका ठिकाणी थांबून मोजायला लागले, की इथे उभ्या माणसावर किती ठिकाणांहून बाण मारता येईल. लेक म्हणाली, आई, लोक बघतायत. पण हे मी दरवर्षी पोरांना करायला लावते! आपला गोमुखी दरवाजा ज्याने समजून घेतलाय त्याला ओद दरवाजा कुणी समजावून सांगावा लागत नाही. तत्त्व एकच: आत येणाऱ्याला सरळ धावू द्यायचं नाही, आणि दरवाज्याच्या फळ्यांसमोर ओंडका घेऊन पळायला जागा ठेवायची नाही.

वर पोचलात की लगेच गावात शिरू नका. डावी-उजवीकडे बघा, तुम्ही दोन तटांच्या मध्ये उभे असता. बाहेरचा तट ठेंगणा, आतला उंच, मधली गवताळ पट्टी काही ठिकाणी चांगली रुंद. तिला लीस म्हणतात. राजगडाच्या संजीवनी माचीवर चिलखती तटबंदीच्या बेचक्यात उतरलेला माणूस इथे क्षणभर ओळखीचं हसेल, फरक एवढाच की इथे त्या बेचक्यात घोडे पळायचे. दोन्ही तट मिळून लांबी तीन किलोमीटर, बुरूज ५२. ह्या पट्टीतून पूर्ण फेरी मारा. आमच्या अख्ख्या सहलीतला सगळ्यात चांगला वेळ इथे गेला, आणि इथे माणसंही तुरळक होती.

उत्तरेच्या बाजूला आतल्या तटाशी अगदी नाक लावून बघा. बारीक, हाताच्या मुठीत मावतील असे चौकोनी दगड, आणि ठरावीक उंचीवर मधून मधून लाल विटांचा पट्टा. हे रोमन काम, तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आसपासचं. बुरूज समोरून गोल आणि आतून सपाट, घोड्याच्या नालेसारखे. आता खाली बघा. रोमन कामाच्या खाली मोठे, ओबडधोबड घडवलेले दगड आहेत, आणि ते नंतरचे आहेत! जुनं वर आणि नवं खाली, असं कुठल्याही भिंतीत नसतं. झालं असं की तेराव्या शतकात बाहेरचा तट बांधताना मधली जमीन खोदून सपाट केली, त्यात जुन्या तटाचा पाया उघडा पडला. मग त्या उघड्या पायाखाली नवा दगड सारला. एखाद-दुसरा बुरूज अजून कललेला दिसतो. वर्गात "पुरावा वाचायचा म्हणजे काय" हे शिकवायला मला यापेक्षा चांगली भिंत आजवर मिळालेली नाही. तिसरा हात ओळखणं त्याहून सोपं: दगडाच्या कडा गुळगुळीत घासलेल्या आणि मधला भाग मुद्दाम फुगीर ठेवलेला. तो राजा तिसऱ्या फिलिपच्या काळचा, १२८० च्या आगेमागे. नारबोन दरवाजाही त्याच खेपेचा.

लेकीने विचारलं, तोफा कुठेत? नाहीतच. हा किल्ला बाण, गोफण आणि सुरुंगाच्या जमान्यातला. म्हणून भिंती उंच आणि तोफांच्या मानाने बारीक. तोफा आल्या तेव्हा भिंती बसक्या आणि जाड व्हायला लागल्या होत्या, आणि कार्कासोनला त्या बदलाची निकड फारशी उरली नव्हती. १६५९ च्या तहाने स्पेनची सरहद्द दक्षिणेला सरकली आणि इतका मोठा सरहद्दीवरचा किल्ला एका रात्रीत मागच्या ओळीत गेला. पुढे दोन तटांच्या मधल्या ह्याच पट्टीत गरीब विणकरांची खोपटी उभी राहिली. तटाचे दगड लोक घरं बांधायला नेऊ लागले. १८५० मध्ये तर सरकारने किल्ला लष्करी यादीतून काढून टाकला, म्हणजे पाडायला मोकळीक. गावातला क्रो-मेरव्हिएय नावाचा अभ्यासक आणि त्याच्याबरोबर काही मंडळी अडून बसली म्हणून आज काही शिल्लक आहे.

बालेकिल्ल्याचं तिकीट. अठराच्या आतल्यांना माफ. आणि हे मराठी विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवा: युरोपात रीतसर राहण्याचा परवाना असलेल्या १८ ते २५ वयाच्या तरुणांनाही माफ. लेकीने कार्ड दाखवलं आणि आत गेली, आम्ही दोघांनी पैसे मोजले. उन्हाळ्यात तिकीट आधी ऑनलाइन काढून वेळ धरून ठेवलेली बरी. पायात चांगले बूट हवेत. पायऱ्या पुष्कळ आहेत, त्यांची उंची एकसारखी नाही आणि गुडघे दुखणाऱ्यांची तटावर परीक्षा आहे. वायव्येकडून सेर्स नावाचा वारा वाहतो, टोपी ठेवत नाही. तो फार माजला तर तटावरची वाट बंद करतात, म्हणून वाऱ्याच्या दिवशी आधी चौकशी करा.

बालेकिल्ल्याच्या भिंतीवर बाहेर काढलेली लाकडी गॅलरी बघायला विसरू नका. तटाच्या माथ्याखाली चौकोनी भोकांची रांग असते. शांततेच्या काळात ती रिकामी. वेढा पडला की त्यांत तुळया खोवायच्या, वर फळ्या, छप्पर, आणि तटाबाहेर अधांतरी एक ओटी तयार. फळ्यांमधल्या फटीतून थेट पायथ्याशी आलेल्यावर दगड टाकायचे. इथे ती गॅलरी पुन्हा बांधून दाखवली आहे. एकदा ती बघितली की मग पूर्ण किल्ल्यावर कुठेही भोकांची रांग दिसली की डोळा आपोआप लाकूडकाम भरून घेतो.

ही पुनर्बांधणी हाच कार्कासोनबद्दलचा जुना वाद आहे. वास्तुविशारद व्हियोले-ल-द्युकने १८५३ पासून १८७९ मध्ये मरेपर्यंत इथे काम केलं, त्याच्यामागे शिष्याने पुढे नेलं. तटाच्या माथ्यावरच्या चर्या, म्हणजे दातेरी कठडे, नव्याने बसवल्या, बुरुजांवर टोकदार, निळसर-काळ्या पाटीच्या दगडाची छपरं चढवली. टीकाकार म्हणाले, ही बर्फाळ उत्तरेची छपरं, दक्षिणेत कौलं असतात. आणि ते बरोबरच आहे. काही बुरुजांवर नंतर उतरती कौलं घातलेली दिसतातही. १९९७ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आलं ते ह्या किल्ल्याबरोबर ह्या दुरुस्तीचीही दखल घेऊन. आमच्या ह्यांना छपरं फार आवडली. मला खटकली नाहीत, पण नवं कुठलं आणि जुनं कुठलं हे सांगणारी साधी खूण भिंतीवर असायला हवी होती, ती मला तरी कुठे दिसली नाही. हे मी उगाच म्हणत नाही. २०२५ च्या जुलैत आपले १२ किल्ले त्याच यादीत गेले, त्यात आमच्या जिल्ह्याचा साल्हेर आहे. आता दुरुस्तीचा पैसा येईल, कंत्राटं निघतील. सिमेंटचा गिलावा आणि रंगीत फरशी बघून मी आधीच दोन-तीन किल्ल्यांवर डोकं फोडून घेतलंय. ज्यांच्या हातात ते काम जाईल त्यांनी कार्कासोनचा उत्तरेचा तट आणि वरची छपरं, दोन्ही एकदा नीट बघून यावं. काय करावं आणि काय करू नये, दोन्ही एकाच ठिकाणी आहे.

इतिहासातला माझ्यासाठी सगळ्यात कडवट भाग १२०९ सालचा. कॅथर नावाच्या पंथाला पाखंडी ठरवून पोपने त्यांच्यावर धर्मयुद्ध पुकारलं. जुलैत बेझिए शहरात कत्तल झाली आणि ऑगस्टमध्ये फौज कार्कासोनवर आली. इथला तरुण व्हायकाउंट, म्हणजे सरदार, रेमाँ-रोजे त्राँकावेल. तट भक्कम होते, ते पडले नाहीत. पाणी संपलं. आजूबाजूची माणसं आणि जनावरं आत घेतलेली, भर उन्हाळा, पंधरवड्यात किल्ला हातचा गेला. लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर काढलं. त्राँकावेल नोव्हेंबरात स्वतःच्याच किल्ल्याच्या तुरुंगात मेला, वय २४. इतके प्रचंड तट बघून झाल्यावर आतल्या चौकातली विहीर बघितली आणि मला अंकाईवरची, साल्हेरवरची कातळात खोदलेली टाकी आठवली. आपल्याकडे किल्ला बांधणारा आधी पाणी बघायचा. रामशेज एवढासा, पण मोगलांना वर्षानुवर्षं दाद दिली नाही त्यानं.

किल्ल्याची लोककथा मात्र वेढा जिंकण्याची आहे. फ्रँकांचा राजा शार्लमेन, त्याने म्हणे वर्षानुवर्षं वेढा घातला, तेव्हा आतल्या कार्कास नावाच्या बाईने उरलंसुरलं धान्य एका डुकराला चारून ते तटावरून खाली फेकलं. डुक्कर फुटलं, पोटातून गहू सांडला, आणि शार्लमेनला वाटलं आत धान्याची कोठारं भरलेली आहेत, वेढा उठला. नारबोन दरवाज्याशी त्या बाईचा गुबगुबीत चेहऱ्याचा पुतळा आहे. खरा बालेकिल्ल्यात ठेवलाय, बाहेर आहे ती नक्कल. शार्लमेनने असा वेढा घातलाच नव्हता. पण रायगडाला हिरकणी, तशी कार्कासोनला कार्कासबाई!

आता गाव. सरळ सांगायचं तर आतल्या मुख्य गल्लीत वेळ घालवू नका. प्लॅस्टिकच्या तलवारी, चिलखताचे टी-शर्ट, आइस्क्रीम, साबण, छळाच्या यंत्रांची प्रदर्शनं. आत कायमची राहणारी माणसं पन्नासेकच उरलीत म्हणतात, आणि ते जाणवतं. कुठे वाळत घातलेले कपडे नाहीत, खिडकीतून कुणाला हाक मारणारी आजी नाही. साँ-नाझेर बाझिलिका मात्र चुकवू नका. पुढचा भाग जाड खांबांचा, काळोखी, आणि आत गेलात की एकदम उंच, काचांनीच भिंत केल्यासारखा. दुपारनंतर गेलात तर रंगीत उजेड फरशीवर उतरलेला असतो.

जेवणाची कथा अशी. ह्या पट्ट्यात पाटीवर एकच नाव: कासुले. पांढरा घेवडा मातीच्या पसरट भांड्यात तासन् तास शिजवायचा, त्यात बदकाचं मांस, डुकराचं मांस, सॉसेज. लेक खाते, मी बदकापर्यंत येते. मी खाल्लं ते चांगलं होतं, जड होतं, वर खरपूस साय धरलेली. घेवडा इतका लोण्यासारखा शिजला होता की त्याच्यासाठी मी बाकीचं माफ केलं. ह्यांच्यासाठी सॅलड मागवलं. तीनदा बजावलं, मांस नको, मासा नको. आलं ते छान होतं, अक्रोड, पालेभाजी, आणि त्यात परतलेले तपकिरी तुकडे. हे मशरूम समजून काटा लावणार तेवढ्यात लेक ओरडली. बदकाचे गिझार्ड, म्हणजे जठराचे तुकडे! वेटरला बोलावलं तर तो म्हणाला, पण हे मांस नाही, हे गिझार्ड आहे. बदलून दिलं, चेहरा वाकडा करून. हॉटेलचं नाव सांगत नाही, कारण ह्या पट्ट्यात कुठेही हे होऊ शकतं. शाकाहारी लोकांनी "जेझिए" हा गिझार्डचा फ्रेंच शब्द पाठ करून जावा. आणि पाण्याची बाटली विकत घेऊ नका. "उन कराफ दो" म्हणायचं, नळाचं पाणी फुकट आणून देतात, द्यावंच लागतं.

मुक्काम खालच्या गावात करा. स्वस्त पडतं, आणि संध्याकाळी सहलींच्या बसगाड्या गेल्या की पुन्हा वर चढून यायचं. लीस रात्रीही खुला असतो.

दुसऱ्या दिवशी लेकीने गाडी भाड्याने घेतली, कारण बागांकडे जायला बसचा भरवसा नाही. कार्कासोन चारी बाजूंनी द्राक्षांनी वेढलेलं आहे. ईशान्येला मिनर्वुआ, आग्नेयेला कोर्बिएर, वायव्येला काबार्देस, नैऋत्येला मालपेर, आणि दक्षिणेला लिमू. आम्ही मिनर्वुआतल्या एका लहान बागेत फोन करून वेळ घेऊन गेलो. इथून पुढे बोलायचा हक्क ह्यांचा.

गाडीतून उतरल्या उतरल्या ह्यांचा पहिला प्रश्न: "मांडव कुठाय?" मांडव नाही, वेली चढवायचे वाय आकाराचे अँगल नाहीत, काही रांगांना तारसुद्धा नाही. जुन्या कारिन्याँ जातीच्या वेली कमरेएवढ्या उंच, खोड पिळवटलेलं, वर चार-पाच फांद्या आकाशाकडे. ह्यांनी खाली बसून खोड हाताने चाचपलं. बागवाला म्हणाला, आजोबांनी लावलेली. उत्पादन विचारलं, हेक्टरवरून एकरावर आणून ह्यांनी हिशेब केला: एकरी दोन टन. "अन् हा अजून बाग ठेवून आहे!" आमची थॉमसन जातीची द्राक्षं एकरी दहा टन येतात आणि तरी ह्यांना रात्री झोप नाही. मग एक एक कळत गेलं. ठिबक नाही. छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात, कारण थंडीत वेल झोपते. आपल्याकडे झोपत नाही म्हणून एप्रिलची खरड आणि ऑक्टोबरची गोडी अशा दोन. तिथे मे संपताना फुलोरा होता, आपल्याकडे तो दिवाळीनंतर. मात्र पानांवरचा निळसर डाग बघून हे एकदम खुश झाले. मोरचूद आणि चुना! डाउनी रोगावर तिथेही तेच, आणि ते जन्मलंही शेजारच्या बोर्दोमध्येच, १८८० च्या दशकात. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. पण भुरी रोगाचं पान दाखवून दोघांनी एकाच सुरात उसासा टाकला तेव्हा लेकीला भाषांतर करायची गरज पडली नाही.

मग चव. लेक गाडी चालवणार होती, आणि तिथे रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम ही मर्यादा आहे, म्हणून ती घोट तोंडात फिरवून बादलीत थुंकायची. ते बघून हे कळवळले. पीत नाहीत, पण द्राक्षाची नासाडी बघवत नाही. मी घेते थोडी. गावात सांगायचं नाही. लाल वाइन मला जरा रांगडी वाटली, उन्हात वाळलेल्या रानझुडपांचा वास आणि शेवटी तुरट. कासुलेबरोबर चालेल, नुसती नको. पण लिमूची ब्लांकेत, बुडबुडेवाली, मोझाक द्राक्षाची, तिला हिरव्या सफरचंदाचा वास येतो आणि ती मला फार आवडली. साँ-तिलेर मठातला १५३१ सालचा दाखला दाखवून हे लोक सांगतात की बुडबुडे शॅम्पेनच्या आधी आमच्याकडे आले. किल्ल्यात एका ग्लासला जे पैसे घेतले त्यात खालच्या गावातल्या दुकानात जवळजवळ पूर्ण बाटली आली. सहकारी सोसायट्यांच्या वाइनरीतही थेट विक्री असते, तिथे आणखी स्वस्त.

ह्या सोसायट्या उगाच नाही निघाल्या. बागवाल्याने १९०७ ची गोष्ट काढली. पीक अमाप, भाव पडलेले, आणि व्यापारी साखर-पाणी घालून खोटी वाइन विकत होते. आर्जेलिए गावचा मार्सेलां आल्बेर, लहान बागायतदार आणि कॅफेवाला, त्याने लोक गोळा करायला सुरुवात केली. दर रविवारी दुसरं शहर. २६ मे रोजी कार्कासोन भरलं, ९ जूनला माँपेलिएत पाच लाखांवर माणूस. सरकारने फौज पाठवली, नारबोनमध्ये गोळीबार होऊन माणसं मेली, आणि एका रेजिमेंटने बागायतदारांवर बंदूक उचलायला नकार दिला. आल्बेर पॅरिसला पंतप्रधान क्लेमांसोला भेटायला गेला. क्लेमांसोने त्याला परतीच्या गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँक दिले आणि ती बातमी फोडली. झालं, आल्बेर विकला गेला असं आपल्याच लोकांनी म्हटलं. ह्यांनी हे ऐकून बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "त्याला सांग, लासलगावला आम्ही कांदा असाच रस्त्यावर ओततो. अन् शंभराची नोट आमच्यातही चालते." साखरेवर आणि भेसळीवर निर्बंध घालणारा कायदा मात्र त्याच जूनच्या अखेरीस झाला. आता भाव पुन्हा पडलेत. बागा कायमच्या काढून टाकायला सरकार हेक्टरी चार हजार युरो देतं आणि वाटेत आम्हाला उपटलेल्या वेलींचे ढीग दिसलेही. किल्ल्यातून खाली बघणाऱ्याला ते दिसत नाहीत.

तर किल्ल्याला पाचपैकी साडेचार, त्यातला अर्धा खुणा नसल्याबद्दल कापला. आतल्या गावाला दोन. खालच्या गावाला चार. बागेतल्या भेटीचे गुण ह्यांनी द्यायचे होते. ते म्हणाले पाच, पण छाटणीत आपल्याला त्याच्याकडून शिकण्यासारखं काही नाही.

बाटल्या आणायच्या असतील तर चेक-इनच्या बॅगेत, प्रत्येक बाटली जाड टॉवेलमध्ये गुंडाळून, कपड्यांच्या मधोमध. भारतात माणशी दोन लिटरपर्यंत कर लागत नाही. आम्ही पाच बाटल्या आणल्या, पावणेचार लिटर. म्हणजे जवळजवळ दोन लिटर आमच्या माळकऱ्याच्या नावावर. मुंबईला कस्टममधून बाहेर पडेपर्यंत ह्यांनी माळ शर्टाच्या आत घालून ठेवली होती.